नट्टीचे दिवस आणि नखुरडे

प्रश्न : आमची शेती खानापूर तालुक्यात आहे. भाताच्या नट्टीच्या (रोपे लावण्याच्या) वेळी माझ्या अंगठ्याला नखुरडे झाले, ते पिकून फुटले व बरे झाले. मात्र दोन बोटांच्या नखांच्या कडा तीन महिन्यांपासून सुजलेल्या असून नखेही खडबडीत झाली आहेत. गोळ्यांचे दोन कोर्स घेऊनही फरक नाही. काय करावे?
– एक वाचक भगिनी

उत्तर : आपण एकाच दुखण्याच्या दोन खेपा समजत आहात, पण हे दोन वेगळे विकार आहेत. अंगठ्याचे नखुरडे जिवाणूंमुळे, बहुधा स्टॅफिलोकॉकसमुळे, झाले असावे. काडी लागल्याने किंवा नखाजवळची साल ओढल्याने पडलेल्या बारीकशा जखमेतून हे जिवाणू आत शिरतात आणि एक-दोन दिवसांत लाली, सूज व ठणका सुरू होतो. सुरुवातीलाच कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे बोट बुडवून ठेवल्यास पुष्कळदा उतार पडतो. पू धरला असेल तर तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसण्याचा घरगुती उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो, परंतु त्यामुळे साचलेला पू निघत नाही. लहान पाण्याचे फोड एकत्र दिसत असतील तर ते नागिणीच्या जातीच्या विषाणूचे असू शकतात, आणि ते मुळीच कापू नयेत.

सहा आठवड्यांहून अधिक टिकलेली सूज मात्र वेगळी. नट्टीचा चिखल, मग भांडी, धुणे, गोठा, अशा सततच्या ओलाव्याने नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, जी नखाला पाण्यापासून राखते, ती झिजून सुटते. साबण आणि पाणी आत जाऊन दाह होतो व कॅन्डिडा बुरशी त्यावर नंतर बसते. म्हणूनच जिवाणूंवरच्या गोळ्यांचा आपणांस उपयोग झाला नाही. यावर मुख्य उपचार हात कोरडे ठेवण्याचा आहे: रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालावेत, काम संपताच बोटांच्या बेचक्या पुसाव्यात आणि ती सुटलेली कातडी मागे ढकलू नये. याच्या जोडीला त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने काही आठवडे स्टेरॉइडचे मलम लावतात. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे खडबडीतपणा जाण्यास सहा महिने लागतील. पायाचे नख याहून बरेच सावकाश वाढते, आणि ते गोलाकार न कापता सरळ कापावे.

मधुमेह असल्यास, लाली बोटभर पसरत असल्यास किंवा ताप आल्यास घरी थांबू नये.