‘रगत धुणं’ म्हणावं की डायलिसिस?

दारव्हा तालुक्यातून विचारणा आहे: आमच्याकडे ‘बुढ्याले रगत धुवाले नेलं’ म्हणतात. मूत्रपिंडं निकामी झाली की करतात त्या डायलिसिसला हा शब्द चालेल, की पुस्तकातलं ‘अपोहन’ वापरावं?

‘अपोहन’ म्हणजे दूर सारणं. गीतेच्या पंधराव्या अध्यायात ‘स्मृतिर्ज्ञानमपोहनं च’ असा तो भेटतो. अर्थाला चोख, पण दवाखान्यात कोणाला समजणार?

‘डायलिसिस’ मूळ ग्रीक, अर्थ सुटं करणं. रसायनशास्त्रात तो आणला थॉमस ग्रॅहॅमने, १८६१ मध्ये. चर्मपत्री कागदातून साखर पाण्यात उतरते, डिंक मागेच राहतो, हे त्याने दाखवलं. लघवी घेऊनही त्याने हेच केलं, तर युरिया, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून लघवीत काढतात ती घाण, कागदापार गेला. रश्शात मसाल्याची पुरचुंडी सोडली की स्वाद उतरतो आणि मसाला फडक्यातच राहतो, तसंच हे. १९४३ मध्ये नेदरलँड्समधल्या कांपेनला विलेम कोल्फ या डॉक्टरने सेलोफेनची नळी ढोलावर गुंडाळली, तिच्यातून रुग्णाचं रक्त सोडलं आणि ढोल खारट पाण्याच्या टाकीत फिरवला.

म्हणजे रक्तात पाणी ओतून ते खंगाळत नाहीत. मध्ये पडदा असतो. आज तो केसासारख्या हजारो पोकळ तंतूंचा असतो. आतून रक्त, बाहेरून द्रावण, मिनिटाला साधारण ५०० मिली. चार तासांचे झाले १२० लिटर. एवढं पाणी शुद्धच हवं. बोअरचं जड पाणी नीट शुद्ध न होता मशीनला गेलं, तर त्यातलं कॅल्शियम रक्तात शिरतं, उलट्या होतात, रक्तदाब चढतो.

‘रक्त गाळणं’ मला तितकं पटत नाही. चहा गाळला की चोथा गाळणीत राहतो. इथे उलट, घाण पडद्यापार जाते आणि कामाचं ते आत राहतं. जादा पाणी काढतात तेवढ्यापुरतं ‘गाळणं’ खरं.

तेव्हा ‘धुणं’ खुशाल म्हणा. घोळ होतो तो ‘धुवून आणलं’ म्हटल्याने. ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, बरा झाला. मग कापूस वेचणीच्या घाईत डायलिसिसची एक पाळी चुकते, पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडते, फुप्फुसात पाणी साचून दम लागतो. धुतलेलं धोतर अंगावर चढलं की मळतंच, तसंच हे रक्त. म्हणून सांगताना पाळीसकट सांगावं: ‘बुढ्याचं रगत हप्त्यातून तीनदा धुवा लागते.’ डॉक्टरांनी दोनदा सांगितलं असेल, तर दोनदा.