पहिली फ्रेंच व्हाइट वाइन कोणती घ्यावी?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात पॅरिसला जायचंय, आजवर वाइन म्हणजे नाशिकची, तीही दोन-तीनदाच. फ्रेंच लेबलं वाचून काही उमगत नाही. आवडेलच अशी एक व्हाइट वाइन सुचवा आणि ती बनवणाऱ्यांबद्दलही सांगा.

थेट सांगतो: ह्यूगेल या वाइनवाल्या घराण्याची 'जाँती' (Hugel Gentil).

मी काही तज्ज्ञ नाही. मूळचा कोल्हापूरचा, नोकरीपायी स्वित्झर्लंडच्या बाझेलला येऊन पडलोय. फ्रान्सचा अल्झास प्रांत इथून सीमेपलीकडेच सुरू होतो. कोलमारपर्यंत ट्रेनने पाऊणएक तास, पुढे बसने रिकवीर, ह्यूगेल मंडळींचं गाव. घरी पाहुणे आले की त्यांना तिकडे घेऊन जायचं, असं आता ठरूनच गेलंय.

लेबलाचं म्हणाल तर दोष तुमचा नाही. फ्रान्समध्ये बऱ्याच बाटल्यांवर गावाचं नाव असतं, द्राक्षाचं नसतंच. शाब्ली म्हणजे शार्दोने, सांसेर व्हाइट म्हणजे सोव्हिन्यों ब्लाँ, हे आधी पाठ करून जावं लागतं. अल्झासवाले मात्र द्राक्षाचं नाव सरळ लिहून मोकळे होतात. बाटलीही ओळखू येते, उंच आणि सडपातळ. शिवाय 1972 पासून अल्झासची वाइन त्याच प्रांतात बाटलीबंद करावी लागते.

जाँतीवर एका द्राक्षाचं नाव नसतं, कारण ती मिसळ आहे. (कोल्हापूरकराने मिसळीची बाजू घेणं ओघानं आलंच.) नियम असा की निम्मी तरी वाइन रीसलिंग, मस्कत, पिनो ग्री आणि गेवुर्त्स्ट्रामिनर या चार 'खानदानी' द्राक्षांची हवी. उरलेल्यात सिल्वानेर, पिनो ब्लाँ वगैरे. प्रत्येक द्राक्षाची वाइन आधी वेगळी करतात, मग एकत्र आणतात. ग्लास नाकाशी नेला की गेवुर्त्स्ट्रामिनरचा गुलाबपाणी-लिचीसारखा वास येतो. वाटतं, गोड असणार. घोट घेतला तर गोड नाही! रीसलिंगची लिंबासारखी धार लागते, पण तोंड आंबणार नाही इतपतच. नवख्या माणसाला हीच गंमत आवडते, असा माझा अनुभव आहे.

आता घराणं. ह्यूगेल मंडळी रिकवीरला 1639 पासून आहेत. तेव्हा युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं आणि इकडे शिवाजी महाराज नऊ वर्षांचे होते. ह्यूगेलांच्या तळघरात 1715 सालचं एक अवाढव्य लाकडी पिंप आहे, नाव सेंट कॅथरीन. अजून वापरात असलेलं जगातलं सर्वांत जुनं पिंप म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद आहे.

त्या भागाचं नशीबही विलक्षण. 1871 मध्ये अल्झास जर्मनीकडे गेला, 1918 मध्ये फ्रान्सकडे आला, 1940 मध्ये पुन्हा जर्मनीकडे, 1945 मध्ये पुन्हा फ्रान्सकडे. 1870 साली जन्मून पंच्याहत्तरी गाठलेल्या रिकवीरकराचा देश घर न सोडता चारदा बदलला. वेली त्याच मातीत राहिल्या. अल्झासच्या उशिरा खुडलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनसाठी 1984 मध्ये जे नियम झाले, त्यांचा मसुदाही याच घरातल्या जाँ ह्यूगेल यांनी केला होता.

इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं कसं? शाळेत भूगोलात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' शिकलो होतो ना, तेच. पश्चिमेचे ढग व्होज डोंगर अडवतो आणि पूर्व उतारावर पाऊस कमी पडतो. सह्याद्री ओलांडला की जे होतं, तेच इथे. कोलमार फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांत मोडतं.

एक कबूल करायला हवं. जाँतीची सगळी द्राक्षं ह्यूगेलच्या स्वतःच्या बागांतली नसतात, आसपासच्या शेतकऱ्यांकडूनही घेतात. शौकीन लोक यावर नाक मुरडतात. मुरडू द्या. ह्यूगेलच्याच शोनेनबुर्ग टेकडीवरच्या रीसलिंगला जास्त पैसे मोजावे लागतात आणि ती समजायला सवय लागते. जाँती पहिल्या भेटीतच बोलकी होते.

जेवणाबाबत माझी फजिती ऐका. पहिल्यांदा मित्रांना बोलावून मी ती तांबड्या रश्श्याबरोबर दिली. अल्कोहोलने तिखट आणखी भडकलं, एक जण पाण्याचा तांब्या घेऊनच बसला. पुढच्या खेपेला पांढरा रस्सा केला. नारळाचं दूध, खसखस, वेलची... बाटली कधी संपली कळलं नाही. कोथिंबीर वडी, कमी तिखट कोळंबी, हेही झकास. फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटं थांबा, फार गार असली की वास दबतो.

जाँती नाही मिळाली तर शेजारच्या रिबोव्हिलेच्या त्रिंबाखची साधी रीसलिंग घ्या. दुसरी कुठली अल्झास उचललीत तर लेबलवर 'सेक' (sec) लिहिलंय का ते बघा, म्हणजे गोड नाही. 2021 च्या हंगामापासून तिथे गोडव्याचा उल्लेख सक्तीचा आहे.

घरी आणायची असेल तर चेक-इन बॅगेत, जीन्समध्ये गुंडाळून. माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही, म्हणजे पाऊण लिटरच्या दोनच बाटल्या. तिसरी तिथेच पिऊन या.