कडक बाप की मोकळं घर, पोरगं सिगारेटपासून लांब कशानं राहील?

प्रश्न : मुलगा अकरावीला आहे, क्लासवरून आला की शर्टाला सिगारेटचा वास येतो. आम्ही त्याच्यावर कधी हात उचलला नाही, सगळं मोकळं ठेवलं. आमच्या रेल्वे कॉलनीत सगळ्या समाजाची माणसं आहेत, शेजारचं कुटुंब एकदम कडक, बापाचा आवाज आला की पोरं चिडीचूप, आणि ती पोरं बिडीकाडीला शिवत नाहीत. आता आमचे हे म्हणतात पट्टाच काढतो. हे स्वतः जेवण झालं की बाल्कनीत ओढतात, पण एकच. मारानं फरक पडतो का?
– एक आई, भुसावळ

उत्तर : ताई, पट्टा राहू द्या कपाटात. मार खाल्लेलं पोरगं सिगारेट सोडत नाही, बडीशेप खाऊन घरी यायला शिकतं.

1960च्या दशकात डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आईबापांचे तीन प्रकार मांडले, नुसता धाक, नुसते लाड, आणि तिसरा म्हणजे माया पण आहे, नियम पण आहे आणि नियम का ते सांगितलं पण जातं. 1983 मध्ये मॅकोबी आणि मार्टिन या मानसशास्त्रज्ञांनी चौथा जोडला, धाक नाही माया नाही, पोरगं कुठं आहे ते कोणाला माहीतच नाही. तिसऱ्या घरातली पोरं व्यसनात साधारण कमी अडकतात, चौथ्यातली जास्त. पण हेच गणित सगळ्या समाजांत तसंच्या तसं लागू होत नाही, लॉरेन्स स्टाइनबर्ग वगैरे मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शाळांत पाहिलं तर या तिसऱ्या पद्धतीचा अभ्यासातला फायदा गोऱ्या मुलांना जास्त आणि आशियाई, कृष्णवर्णीय मुलांना कमी दिसला. म्हणजे कडक बाप सगळीकडं एकच अर्थाचा नसतो. तुमच्या शेजाऱ्यांचा आवाज भिंतीतून ऐकू येतो, पण त्या पोरांना रस्त्यात कोणी काका “कोठे जाई राह्यना रे भो” म्हणून अडवतो का, रात्री सगळे एकत्र जेवतात का, ते काही ऐकू येत नाही, आणि माझ्या मते काम तेच करत असणार.

आता तुमचं मोकळं घर. “आपल्या घरात कोणी ओढायची नाही” हे वाक्य कधी स्पष्ट बोललं गेलंय का? बहुतेक नसेल, कारण बाल्कनी मध्ये येते 😄 साहेबांना एकदम सोडता येत नसेल तरी घरात बंद करा म्हणावं, बाल्कनी पण घरच. आणि पाकीट आणायला पोराला टपरीवर पाठवायचं नाही, 2003च्या कायद्यानं 18 खालच्याला विकणं गुन्हा आहे, बापासाठी असलं तरी. आईबाप स्वतः ओढत असले तरी घरात नियम पक्का असेल तर पोरं कमी वळतात, हेही अभ्यासात दिसलंय, म्हणून “मी कोणत्या तोंडानं सांगू” असं त्यांनी म्हणू नये.

पोराला कबुलीजबाब मागू नका. वास येतो, मला आवडलेलं नाही, एवढं सांगा आणि मग विचारा कोणाबरोबर असतो, क्लास सुटल्यावर कुठं थांबतो. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टीला जाऊ द्या की, फक्त सोबत कोण आणि परत कधी ते माहीत पाहिजे. सवय लागली असेल तर सोडल्यावर पहिले 2-3 दिवस फार चिडचिड होते, तेव्हा मार्कांचा विषय काढू नका. 1800-11-2356 ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, बापलेक दोघांनीही फोन करायला हरकत नाही.

प्रश्न : सासरे नातवाला चुलीवरून विडी पेटवून आणायला लावतात. बोललं तर म्हणतात आमच्यात चालतं.
– एक सून, शहादा तालुका

उत्तर : चालत होतं, पण पेटवायला पहिला झुरका त्या पोरालाच मारावा लागतो ना! तुम्ही बोलाल तर भांडण होईल, नवऱ्याला बोलायला लावा, नाहीतर आजीला, आणि आजोबांच्या उशाशी आजच माचिस ठेवून द्या.