ती कार्टूनं ऑर्डरवर काढलेली असायची का? (उत्तर जरा लांबलंय)

तुम्ही विचारलंय की १९४५ पर्यंत रशिया-अमेरिका गळ्यात गळे घालून हिटलरशी लढत होते, मग दोनेक वर्षांत एकमेकांची इतकी विखारी कार्टूनं कुठून आली, आणि ती सरकारच काढून घ्यायचं का.

रशियापुरतं बोलायचं तर हो, कधीकधी थेट अगदी वरून. बोरिस येफिमोव्ह हा त्यांचा मोठा कार्टूनिस्ट, त्यानं स्वतःच नंतर सांगितलेला किस्सा आहे. १९४७ मध्ये स्टॅलिनचा प्रचार-संस्कृती सांभाळणारा बडा साथीदार झ्दानोव्ह यानं त्याला बोलावून घेतलं आणि म्हणाला, कॉम्रेड स्टॅलिनना एक कार्टून सुचलंय : अमेरिकेचा जनरल आयझेनहॉवर फौजफाटा घेऊन उत्तर ध्रुवावर धडकलाय, तिथं चिटपाखरू नाही फक्त एस्किमो, आणि एक साधा अमेरिकन विचारतोय की इथं एवढी धावपळ कशाला, तर जनरल म्हणतो रशियन धोका इथूनच येतोय ना! दुसऱ्या दिवशी खुद्द स्टॅलिनचा फोन, संध्याकाळी सहापर्यंत पाहिजे म्हणून. आता या माणसाचा सख्खा भाऊ, पत्रकार कोल्त्सोव्ह, याच राजवटीनं १९४० मध्ये गोळ्या घालून मारलेला. ब्रश धरताना हाताला काय कापरं भरलं असेल बघा. चित्र गेलं, स्टॅलिननं मजकुरावर लाल पेन्सिल फिरवली आणि ते पक्षाच्या 'प्रावदा' दैनिकात छापून आलं.

गंमत म्हणजे याच आयझेनहॉवरला १९४५ मध्ये रशियानं ऑर्डर ऑफ व्हिक्टरी दिली होती, त्यांचा सगळ्यात मोठा लष्करी सन्मान, आणि मॉस्कोत लेनिनच्या समाधीवर स्टॅलिनशेजारी उभं करून संचलन दाखवलं होतं.

पण माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. नवा शत्रू कोणी नव्यानं घडवत बसत नाही, लोकांच्या डोळ्यात बसलेला जुना शत्रू असतो त्याचेच कपडे नव्याला चढवायचे. चर्चिलनं मार्च १९४६ मध्ये अमेरिकेतल्या फुल्टनला पोलादी पडद्याचं (म्हणजे रशियानं पूर्व युरोप पडद्याआड टाकलाय असं) भाषण ठोकलं, तर येफिमोव्हनं भाषण करणाऱ्या चर्चिलमागे हिटलर आणि त्याचा प्रचारमंत्री गोबेल्स यांच्या सावल्या काढल्या. (हे अगदीच हवेतलं नव्हतं, 'पोलादी पडदा' हा शब्द गोबेल्सनं वर्षभर आधी वापरून झाला होता!) पश्चिमेकडेही तेच, रशियाचं अस्वल आणि ऑक्टोपस काही अमेरिकेनं शोधले नाहीत, ब्रिटिश चित्रकार १८७७-७८ मध्येच ते काढत होते.

तिकडे ऑर्डर लागायची नाही हा फरक. फुल्टनच्या दुसऱ्याच दिवशी ब्रिटनच्या डेली मेलमध्ये इलिंगवर्थचं कार्टून, चर्चिल ओणवा होऊन पडद्याखालून डोकावतोय आणि पडद्यावर लिहिलंय प्रवेश बंद, हुकमावरून, खाली सही 'जो'. म्हणजे स्टॅलिन. त्याला कोणाचा फोन आला असेल असं मला वाटत नाही. शिवाय अमेरिकन कार्टूनिस्ट हर्बर्ट ब्लॉक १९५० मध्ये जिथंतिथं कम्युनिस्ट शोधत सुटलेल्या सेनेटर मॅकार्थीची सालटी काढत होता, तीही स्वतःच्या देशात. रशियाच्या 'क्रोकोडिल' या विनोदी नियतकालिकामध्ये घरच्यांपैकी मार खायचे ते दारुडे, आळशी मॅनेजर, लाचखाऊ बाबू. वरचे साहेब नाही. (आपल्याकडे वह्यांना कव्हर घालायला यायचा तो 'सोव्हिएत देश' वेगळा, तो गुळगुळीत आणि सगळे हसरे, परदेशी लोकांसाठीचा.)

सगळ्यात भारी केस मात्र युगोस्लाव्हियाचा कम्युनिस्ट नेता टिटो याची, आणि त्यात अमेरिका मुख्य पार्टीसुद्धा नाही. त्यालाही १९४५ मध्ये तीच ऑर्डर ऑफ व्हिक्टरी. १९४८ मध्ये स्टॅलिनशी फाटलं आणि हाच वीर कार्टूनमध्ये रक्ताळलेली कुऱ्हाड घेतलेला खाटीक झाला, कधी डॉलरवाल्यांनी साखळीला बांधलेलं कुत्रं. टिटोच्या राजधानीतलं, बेलग्रेडचं विनोदी नियतकालिक 'येझ' (म्हणजे साळिंदरासारखा काटेरी प्राणी, हेजहॉग) गप्प बसलं नाही, त्यांनीही उलट काटे टोचले. मग मे १९५५ मध्ये, स्टॅलिननंतरचा रशियाचा नेता ख्रुश्चेव्ह बेलग्रेडला उतरला, विमानतळावरच झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला, सगळं खापर स्टॅलिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख राहिलेल्या बेरियावर फोडलं, जो तेव्हा मरून गेलेला होता, आणि टिटोच्या हातातली कुऱ्हाड गायब झाली.