संविधानाच्या चौथ्या भागाविषयी

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

संविधानाच्या चौथ्या भागातील राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे राज्याने कारभार कोणत्या दिशेने करावा हे सांगणारे अनुच्छेद, न्यायालयाकडून बजावून घेता येत नसतील, तर त्यांच्या अभ्यासात वेळ का घालवावा, असे तू विचारले आहेस. संविधानाच्या मसुद्यावर टीका करणाऱ्यांनीही हीच शंका घेतली होती. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी तिला उत्तर दिले: सत्तेवर येणाऱ्याला या तत्त्वांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, त्यांच्या भंगाबद्दल त्याला न्यायालयात उत्तर द्यावे लागले नाही, तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे द्यावेच लागेल. अनुच्छेद 37 याच दृष्टीने वाच. ही तत्त्वे न्यायालयातून बजावता येणार नाहीत, हा त्याचा पूर्वार्ध सर्वांना पाठ असतो. मात्र ही तत्त्वे शासनव्यवहारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे बजावणाऱ्या उत्तरार्धाकडे अभ्यासू माणसेही फारसे लक्ष देत नाहीत, याची मला खंत वाटते.

अनुच्छेद 41 राज्याला आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत कामाचा हक्क मिळवून देण्यास सांगतो. 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' हे शब्द पळवाटेसारखे वाटतात, आणि अनेक सरकारांनी ते तसे वापरलेही. महाराष्ट्राने मात्र 1972 च्या दुष्काळात, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने, रोजगार हमी योजना हाती घेतली; तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला आणि 1977 मध्ये हमीचा कायदा केला, जो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी बाजूला काढायचा, आणि मुदतीत काम देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, अशी ही रचना होती. क्षमता नाही म्हणून थांबण्याऐवजी राज्याने क्षमता उभी केली. सामाजिक व आर्थिक न्यायाचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे 2005 मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे हा अनुभव होता.

न्यायालयांचा वाटाही समजून घे, पण तो फुगवू नकोस. मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये अनुच्छेद 39(क) आणि 41 यांचा आधार घेऊन उपजीविकेचा हक्क अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्कात सामावला. तरीही पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही आणि योग्य कार्यपद्धतीने हटवण्याची मुभा महापालिकेला ठेवली. हा निर्णय मुळातूनच वाच. शिक्षणाच्या बाबतीत वाट आणखी लांब होती: मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी अनुच्छेद 45 ने दहा वर्षांची मुदत दिली होती, पण 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीनंतर आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर, 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हा संविधानात स्पष्ट लिहिलेला, बजावता येण्याजोगा हक्क झाला. मधल्या काळात शाळेविना मोठ्या झालेल्या पिढ्यांची भरपाई कोणत्याही निर्णयाने होणार नाही.

म्हणून तुझ्या वहीत प्रत्येक अनुच्छेदासमोर चार गोष्टी लिहीत जा: तो अमलात आणणारा कायदा, त्यातले नेमके कलम, जबाबदार अधिकारी आणि अर्थसंकल्पातील तरतूद. जिथे रकाना रिकामा राहील, तिथून तुझे काम सुरू होईल. सुरुवात अनुच्छेद 41 मधील वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांच्या उल्लेखापासून कर. तुझ्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज किती काळ पडून राहतात आणि कोणत्या कागदांअभावी नाकारले जातात, याची चौकशी कर आणि जे कळेल ते मला सविस्तर लिही.

तुझा हितचिंतक