‘सगळं आधीच कुणीतरी करून ठेवलंय’

‘मॅडम, मला काही सुचतच नाही. जे सुचतं ते आधीच कुणीतरी माझ्यापेक्षा चांगलं करून ठेवलेलं असतं. माझ्यात क्रिएटिव्हिटी नाहीच.’ समुपदेशक म्हणून कला शिकणाऱ्या मुलांकडून हे मी वर्षभर ऐकते, सबमिशन जवळ आलं की जरा जास्तच. पालक तीच काळजी वेगळ्या शब्दांत घेऊन येतात: ‘एवढी फी भरली, कर्ज काढून कॅमेरा घेऊन दिला आणि हा दिवसभर लॅपटॉपसमोर बसून असतो.’ सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर माझ्याकडे नाही. पण एका मुलाबरोबर केलेलं काम सविस्तर सांगण्यासारखं आहे. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला निखिल म्हणू.

निखिल बार्शीकडचा, पुण्यात फोटोग्राफीच्या शेवटच्या वर्षाला. या वर्षाचा मोठा भाग एकाच प्रकल्पाचा असतो. विषय निवडायचा, त्यावर आधी कुणी कसं काम केलंय ते अभ्यासायचं, चाचणी फोटो काढायचे, हे सगळं प्रोसेस जर्नलमध्ये नोंदवत जायचं आणि शेवटी निवडक प्रिंट घेऊन ज्युरीसमोर उभं राहायचं. गुण नुसत्या प्रिंटना नसतात, तिथपर्यंत कसे पोचलात यालाही असतात. त्याने विषय घेतला होता पेठांमधले जुने वाडे. गाईडने जर्नल चाळून विचारलं, ‘यात तुझं काय?’ त्यानंतर निखिलने कॉलेजला जाणं जवळजवळ बंद केलं.

पहिल्या भेटीत आम्ही फोटोंबद्दल फार बोललो नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, मित्रांशी बोलणं होतं का, जगण्यात काही अर्थ नाही असं वाटतं का, हे मी सरळ विचारलं. जागरणं होती, चिडचिड होती, पण रविवारी क्रिकेट खेळायला तो न चुकता जात होता आणि चांगलं जेवतही होता. हे विचारल्याशिवाय ‘आळशी आहे’ किंवा ‘कलाकार म्हटला की मूडी असणारच’ असा शिक्का मुलांवर मारू नये, असं मला कळकळीने वाटतं. उत्तरं वेगळी आली असती, तर मी त्याला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. रात्री-अपरात्री मन फारच खचलं आणि बोलायला कुणी नसलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

पुढच्या वेळी त्याने जर्नल आणलं. काळ्या पुठ्ठ्याची जाडजूड वही. सुरुवातीची कितीतरी पानं बघत राहावीत अशी होती. जुन्या पॅरिसचे रस्ते आणि दुकानं टिपत राहिलेला अत्जे, जर्मनीतल्या पाण्याच्या टाक्या आणि झोतभट्ट्या 1959पासून अनेक दशकं एकाच शिस्तीत टिपणारं बेर्न्ड आणि हिला बेशर हे जोडपं, मुंबईच्या सफाई कामगारांचं आयुष्य समोर आणणारे सुधारक ओलवे. नेटक्या अक्षरात टिपणं, चिकटवलेल्या प्रती, बाण काढून लिहिलेले बारकावे. आणि मग शेवटी स्वतःचे फोटो. सगळे दरवाज्यांचे.

मी त्याला म्हटलं, ‘निवडलेले राहू देत. काढलेले सगळे घेऊन ये.’

तो कॉन्टॅक्ट शीट घेऊन आला. कॉन्टॅक्ट शीट म्हणजे काढलेले सगळे फोटो, छोट्या आकारात, काढले त्याच क्रमाने. फोटो चांगला की वाईट हे ठरवणं माझं काम नाही. मी क्रम बघत होते. गल्ली. लांबून वाडा. दिंडी दरवाजा. दरवाज्याची कडी. उंबरा. आणि पुढचा फोटो थेट दुसऱ्या वाड्याचा. पुन्हा गल्ली, दरवाजा, कडी, उंबरा. एकाही शीटवर चौक नव्हता, ओसरी नव्हती, जिना नव्हता. माणूस तर नव्हताच.

‘आत का नाही गेलास?’

बराच वेळ थांबून तो म्हणाला, ‘आत लोक राहतात, मॅडम.’

मग हळूहळू बाहेर आलं. अगदी सुरुवातीला तो एका वाड्याच्या चौकात शिरला होता. वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडल्या, ‘कुणाला विचारून फोटो काढतोस रे? बिल्डरने पाठवलं का?’ मालक आणि भाडेकरू यांचे वाद चालू असलेल्या, कधीही पाडायला निघेल अशा वाड्यात कॅमेरा दिसला की माणसं बिथरतात, त्यात त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण निखिल जो बाहेर पडला, तो पुन्हा कुठल्याच वाड्याच्या आत गेला नाही. त्याऐवजी तो घरी बसून वाचू लागला.

इथे मला या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे. एखादी गोष्ट टाळली की भीती तिथल्या तिथे उतरते. उतरते म्हणूनच पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं जातं. निखिलचं टाळणं कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही, कारण ते अभ्यासाच्या रूपात चाललं होतं. रिसर्च अभ्यासक्रमात आहेच, तो करायलाच हवा, मग त्याला नावं कोण ठेवणार? जितकं पाहावं तितकं इतरांचं काम थोर वाटायचं आणि स्वतःचे उंबऱ्यापर्यंतचे फोटो अधिक फिके दिसायचे. त्यातून त्याने निष्कर्ष काढला: माझ्यात क्रिएटिव्हिटी नाही.

मी मुख्यतः विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती वापरते. अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली ही पद्धत मराठी वाचकांना अनोळखी नाही. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचे आपले ‘असंच झालं पाहिजे’ असे हट्ट आपल्याला जास्त त्रास देतात, असं ती मानते. तिच्या अंगाने पाहिलं तर निखिलच्या मनात दोन हट्ट होते. एक, माझं काम पूर्णपणे नवीन असलंच पाहिजे. दोन, मला कुणीही नकार देता कामा नये, दिला तर मला तो सोसणार नाही.

पहिल्या हट्टावर त्याचं स्वतःचंच वाचन कामाला आलं. रॉबर्ट फ्रँकने 1955 ते 1957 या काळात अमेरिकाभर फिरून सत्तावीस हजारांहून अधिक फोटो काढले, पुस्तकात आले 83. हे निखिलला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मी विचारलं, ‘उरलेल्या फोटोंना तू काय म्हणशील? फ्रँकमध्ये क्रिएटिव्हिटी नसल्याचा पुरावा?’ तो हसला. इतरांचे निवडलेले 83 आणि आपले सगळेच्या सगळे, अशी तुलना तो करत होता. मग बेशर. कारखान्यांच्या आवारात शिरायला त्यांना परवानग्या मिळवाव्याच लागत. आणि ओलवे सफाई कामगारांच्या घरांपर्यंत पोचले, ते काही लांबून लेन्स रोखून नव्हे. ज्यांच्यावर त्याने पानंच्या पानं लिहिली होती, त्यांचं निम्मं काम कॅमेरा हातात घेण्याआधीच सुरू झालं होतं. हे त्याच्या टिपणांत कुठेच नव्हतं.

दुसऱ्या हट्टासाठी मी त्याला एलिस यांचीच गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचे असताना अनोळखी स्त्रियांशी बोलायची त्यांना प्रचंड भीती वाटे. म्हणून न्यू यॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं, बाकावर बसलेल्या स्त्रीशी स्वतःहून बोलायचं, असं त्यांनी महिनाभर केलं. शंभर जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. भीती मात्र गेली.

निखिलला दिलेला गृहपाठ असा होता: कॅमेरा बॅगेतून काढायचा नाही, वाड्यात जायचं, आपण कोण, कुठे शिकतो, फोटो कशासाठी हवेत आणि कुठे दाखवणार हे सांगायचं, कॉलेजचं पत्र दाखवायचं, परवानगी मागायची. आणि तीन नकार घेऊन यायचं. होकार मिळाला तर छान, पण मोजायचे नकार. नकार मिळवायलाच निघालेल्या माणसाला नकाराची भीती वाटणं जरा अवघड जातं.

नकार आले. एका ठिकाणी चहा आला. आणि एका वाड्यात खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी त्याला जिन्याखाली नेलं. तिथे भिंतीला लाकडी फळी होती आणि तिच्यावर ओळीने विजेचे मीटर, प्रत्येकाखाली पांढऱ्या तेलरंगात भाडेकरूचं आडनाव. काहींची चकती फिरत होती. काहींच्या वायरी कापून टोकाला काळी टेप गुंडाळलेली. आजोबा एकेका नावावर बोट ठेवून सांगत गेले: हे कोथरूडला गेले, हे धायरीला, यांची मुलगी अजून दिवाळीला येते. एका नावावर दुसरं नाव रंगवलेलं होतं, पण खालचं पुसट दिसत होतं.

विषय बदलला नाही, वाडेच राहिले. पण जिन्याखालची ती फळी निखिलने पाहिलेल्या एकाही फोटोत नव्हती, आणि हे त्याला खात्रीने सांगता येत होतं ते इतका रिसर्च केल्यामुळेच. पुढे तो वाड्यावाड्यांतून मीटरच्या फळ्या शोधू लागला. बेशर यांच्यासारखं समोरून, सरळ, प्रत्येक वेळी सारख्याच अंतरावरून. फ्लॅश मारला की मीटरच्या काचेवर चकाकी येते आणि आडनाव दिसत नाही. म्हणून ट्रायपॉड लावून काही सेकंदांचं एक्स्पोजर द्यायचं आणि बाजूला पांढरा पुठ्ठा धरून दारातला उजेड आत वळवायचा. हे मला समजावताना तो खुर्चीच्या कडेवर आला होता. आजोबांनीच तो पुठ्ठा धरला होता म्हणे.

‘पण ही बेशरची कॉपी झाली ना?’ ही शंका आलीच. ती दडपायची नाही, जर्नलमध्ये लिहायची, असं आम्ही ठरवलं. डाव्या पानावर: त्यांच्याकडून काय घेतलं. उजव्या पानावर स्वतःचा चाचणी फोटो आणि खाली: काय घेतलं नाही, का नाही. बेशर यांच्या फोटोत माणसांची नावं नाहीत, इथे नावांसाठीच फोटो आहे. यापुढे कुणाच्याही कामावर स्वतःच्या फोटोशिवाय पान भरायचं नाही, हा नियम त्याने स्वतःहून घातला. वाचन कमी झालं नाही, पण हातात कॅमेरा असतानाचं झालं.

त्याच्या वडिलांशी एकदा फोनवर बोलणं झालं. ‘फोटो आता सगळेच काढतात. त्यासाठी इतकी वर्षं शिकायचं काय असतं?’ प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यांना म्हटलं, ‘दिवाळीत घरी आला की वही बघायला मागा. चांगले फोटो नका मागू, बाद केलेले मागा आणि का बाद केले ते विचारा.’ त्यांनी विचारलं. बापलेक उशिरापर्यंत बोलत बसले, असं निखिलच्या आईने मला नंतर कळवलं.

ज्युरीत बेशर यांच्याबद्दल प्रश्न आलाच, त्याने ते पान उघडून दाखवलं. एका परीक्षकांना प्रिंट फार काळपट वाटले, ते त्यालाही पटलं. गुण चांगले मिळाले, वर्गात पहिला वगैरे आला नाही.

आता त्याला त्या फळ्यांवरच्या आडनावांची माणसं शोधायची आहेत. आजोबांच्या डायरीतून काही फोन नंबर मिळाले आहेत. फोन लावण्याआधी छातीत अजून धडधडतं, असं तो म्हणतो. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतो आणि लावतो.