घणसोलीत राहतो, बोनसचे लाखभर आलेत, सोन्या-चांदीची नाणी घेऊन ठेवू का? जुनी नाणी पण चालतील का?

घ्या की, पण आधी ठरवा सोनं हवंय की नाणं. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, दहा-बारा वर्षं थोडं थोडं दोन्ही घेतोय आणि सुरुवातीला दोन्हीची खिचडी केली म्हणून सांगतोय.

सोनं हवं असेल तर नाण्यावर लक्ष्मी आहे की अशोकचक्र, मोडताना कोणी विचारत नाही. 24 कॅरेट, 999 किंवा 995 शुद्धतेचा शिक्का, हॉलमार्क, पक्कं बिल, बास. वर 3 टक्के जीएसटी आणि मजुरी, हे दोन्ही परत मिळत नाही, म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही तेवढे मागे. त्यात छोट्या नाण्याला ग्रॅममागे मजुरी जास्त पडते, म्हणून एकेक ग्रॅमची पाच घेण्यापेक्षा पाच ग्रॅमचं एकच बरं. आईच्या पिढीतल्या बायका गुरुपुष्याला चोख सोन्याचं वेढणं, म्हणजे साधी वळलेली अंगठी, घ्यायच्या, त्यांना हा हिशोब पाठ होता, आजही सराफाकडे मागा, मिळतं.

बँकेतून घ्यायचा विचार असेल तर, बँक नाणं विकते पण परत घेत नाही, हे बऱ्याच जणांना पैशाची गरज लागल्यावर कळतं. मग सराफाकडे गेलं की तो म्हणणार आमचं नाही, पाकीट फोडून तपासावं लागेल, घट धरणार. जिथे मोडायचं तिथेच घ्या आणि मोडताना किती कापणार ते घेतानाच विचारा, लाजू नका.

आता जुनी नाणी. आजीच्या डब्यात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे, आणि पंचम जॉर्जचे मिळून चौदा रुपये होते, एका धनत्रयोदशीला मी हौसेने सगळे चिंच-रांगोळीने घासले, असे चमकले की आई पण खूश. नंतर नाणी जमवणाऱ्या एका काकांकडे नेले, त्यांनी भिंग लावून एकच बघितलं, राणीच्या केसांवर बारीक आडव्या रेघा उठलेल्या, डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले आता चांदीच्या भावात द्या. काळेपणा होता तोच खरा माल होता म्हणे! तेव्हा नाणं घासू नका, पुसूसुद्धा नका, कडेने धरा.

घेताना वजनकाटा हवाच. जुना चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के, झिजलेला थोडा कमी भरतो ते ठीक. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली, आणि 1947 चा वाघवाला रुपया तर चक्क निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो, तरी चांदीचा म्हणून गळ्यात मारणारे भेटतात. 1911 च्या रुपयाला मागणी जास्त कारण त्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला, पण म्हणूनच त्यात नकली पण येतात, नवख्याने लांब राहावं.

मी तुमच्या जागी असतो तर बहुतेक पैसे सोन्याच्या एकाच नाण्यात घातले असते आणि हौस म्हणून दोन-तीन राणीछाप. त्याआधी एकदा फोर्टला रिझर्व्ह बँकेच्या नाण्यांच्या संग्रहालयात चक्कर मारा, अस्सल नाण्याची धार कशी असते ते डोळ्यात बसलं की दुकानात निम्मं काम सोपं होतं.